घरीच करते प्रार्थना

बाबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला वेळ वाया घालवणं वाटायचं. अजूनही वाटतं. पण मंगळवारी जे झालं ते सांगायला दुसरं कोणी नाही.

तुम्ही दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होतात. शनिवारी सायकलला औषधांची पेटी बांधून बिडकीनकडच्या वस्त्यांवर जायचात. मी बारा वर्षांची असताना एकदा मलाही मागे बसवून नेलंत. मेंढ्या राखणाऱ्या एका आजोबांच्या पायाची जखम तुम्ही धुताय, मी कापसाचे बोळे देतेय. पट्टी बांधून झाल्यावर तुम्ही नेहमीसारखं विचारता, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" आजोबा म्हणतात, "नगं. आमचा देव हाय की." तुम्ही म्हणता, "बरं. पाय पाण्यात घालू नका, पुढच्या शनिवारी येतो." ना राग, ना संकोच. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटत होतं. नकार ऐकून माणूस इतका मोकळा कसा राहतो, हे मला कळलं नाही, आणि पुढेही मी ते कळून घेतलं नाही. मी बी.ए.ला असताना तुम्ही सोबत चल म्हणायचात, मी परीक्षेचं कारण पुढे करायचे. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी बूट पुसता पुसता तुम्ही म्हणालात, "परीक्षा तर संपली. आता कोणतं कारण काढतेस, बघू." मी डोकं दुखतंय म्हटलं. तुम्ही हसलात आणि पुन्हा कधी बोलावलं नाहीत.

मग तीस वर्षं शाळेत शिकवलं. आडनावावरून लोकांनी मला हिंदू समजलं, मी समजू दिलं. खोटं एकदाही बोलले नाही, याचा वर अभिमान. गृहपाठाची कारणं सांगणाऱ्या मुलींना तासभर उभं करायचे. रविवारी छावणीतल्या चर्चमध्ये उपासनेला जायचं, मागच्या बाकावर बसायचं, आशीर्वाद झाला की सगळ्यांच्या आधी फाटकाबाहेर. अजूनही तसंच.

इथे पुंडलिकनगरात माझ्या दारासमोरच्या घरात एक काकू आहेत. शेतीवाडीचं घर, मुलगा शहरात नोकरीला, म्हणून त्या इथे. पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आता अंथरुणातच असतात. गेल्या महिन्यात भेटायला गेले तर म्हणाल्या, "बाई, तुमच्यात आजाऱ्याच्या डोस्क्यावर हात ठिवून म्हणत्यात नव्हं? माझ्यासाठी म्हणा की." त्यांना कसं कळलं, देव जाणे. मी म्हटलं, "घरीच करते प्रार्थना, काकू." आणि घरी येऊन तीही केली नाही. गुडघे दुखतात, त्यांची सून कामात असते, पाहुण्यांचा मी धर्म बदलायला आले असा गैरसमज होईल, दिवस बरे नाहीत. कारणं चांगली होती, बाबा. त्यांतलं एखादं खरंही असेल. पण मला भीती वाटत होती, बाकी काही नाही. बासष्टाव्या वर्षी, शेजारच्या घरात जायची.

मंगळवारी गेले. मुलगा घरीच होता. काकू म्हणाल्या, "आलात व्हय? मला वाटलं इसरल्या." परत फिरावंसं वाटलं. मग मुलाकडे बघून सरळ विचारलं, "तुमच्या आईंनी प्रार्थना करायला सांगितलंय. चालेल का? नको असेल तर तसं सांगा." तो मोबाइल खाली ठेवून म्हणाला, "आई म्हणती तर करा ना मॅडम. फक्त मोठ्यानं करा, तिला कमी ऐकू येतं. हळू म्हणलं तर परत पहिल्यापासून म्हणायला लावंल." काकू म्हणाल्या, "लई चोंबडा हाय हा."

मी पुटपुटून उरकायचं ठरवून गेले होते. दार सताड उघडं, जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बायका बोलत उभ्या, आणि मी वर्गात ओरडायचे त्या आवाजात प्रभूचं नाव घेतलं. जिन्यातलं बोलणं थांबलं. माझे शब्द अडखळले, एक वाक्य दोनदा म्हटलं गेलं. आमेन म्हटल्यावर काकूंनी माझा हात डोक्यावरून काढूच दिला नाही. "असू द्या," म्हणाल्या, "गार हाय." मी तशीच बसून राहिले. सुनेनं चहा आणला तो डाव्या हातानं प्याले.

हे पत्र वहीतच राहील. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पोरीला शेवटी धीर आला. तसं नाही, बाबा. मंगळवारपर्यंत चार दिवस माझ्याशी कोणीच बोललं नव्हतं. म्हणून गेले.