सहीच्या आधीची कॉफी

सर, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहायला बसले असते तर तुम्ही वाचाल की काय अशी धास्ती वाटली असती, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली हे माहीत असूनही. सध्या मी फार भित्री झाले आहे. दोह्यात, बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे आणि लिफ्टचं दार वाजलं तरी लिहिलेलं हाताखाली झाकते. चार वाजता आमच्या विभागातली एक तरुण शिक्षिका यायची आहे. मी इथल्या एका खासगी विद्यापीठात अर्थशास्त्राची विभागप्रमुख आहे आणि तिला कामावरून काढायच्या कागदावर माझी सही लागते. एका वजनदार माणसाच्या, परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाला तिनं नापास केलं, निकाल बदलायला नकार दिला, एवढाच तिचा गुन्हा. कागदात मात्र 'अध्यापन असमाधानकारक' असं लिहिलं आहे. मी तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसले आहे, सर. ती माझ्यापेक्षा बरं शिकवते.

नाशिकहून आर्मेनियात, येरेवानला पीएचडीसाठी आले तेव्हा तुम्ही नुसते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होता. थंडीनं माझी बोटं आखडायची आणि तुम्ही म्हणायचात, हातमोजे घालून लिही, अक्षर वाईट आलं तरी चालेल, आकडे बरोबर हवेत. मग तुम्ही राजकारणात गेलात, मंत्री झालात, तरी माझ्या प्रबंधाची प्रकरणं मंत्रालयात बोलावून तपासत राहिलात. एकदा न जुळणाऱ्या दोन गावांचे आकडे मी गुपचूप गाळले होते. तुम्ही अख्खं प्रकरण परत केलंत आणि "घाबरलीस?" एवढंच विचारलंत. पुढे मंत्रिपद गेलं, विद्यापीठानं तुम्हाला कुलगुरू केलं, आणि तिथल्या तुमच्या एका रीतीला सगळे वैतागले. कुणाला काढायचं असलं की तुम्ही त्या माणसालाच बोलावायचात. लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात स्वतः कॉफी करायचात, कागद मोठ्यानं वाचून दाखवायचात आणि मगच त्याच्यासमोर सही. निम्म्या कागदांवर ती व्हायचीच नाही. अजून डोळ्यांसमोर आहे: मी कारण विचारते आहे, आणि तुम्ही वर येणाऱ्या फेसावरची नजर न काढता सांगता आहात, "मंत्री असताना मी बंद खोलीत एक सही केली. माझ्याच गुरूंना काढलं. खुर्ची जाईल म्हणून घाबरलो होतो. ते समोर असते तर सहीला हात धजला नसता."

माझ्या नवऱ्याची नोकरी मार्चमध्ये गेली. आम्हा तिघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर, फ्लॅट विद्यापीठाचा, मुलगी बारावीत. "खलास कर ना तो विषय," काल तो म्हणाला, "तू नाही केलीस तर दुसरा कुणीतरी करेल, आणि वर आपल्यालाही घरी पाठवतील." मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली, "आई, प्लीज, जस्ट साइन इट. आय हॅव माय बोर्ड्स." मला दोघांचा राग आला नाही. दोघंही माझ्याच मनातलं बोलत होती.

तरी मी तुमची रीत पाळायचं ठरवलं. त्या शिक्षिकेला फोन केला, घरी चहाला ये म्हटलं. ती लखनौची. इतकी खूश झाली की, "मॅडम, मैं केक बनाकर लाती हूँ," म्हणाली. 

आता पावणेचार झाले. चहाचं आधण ठेवलं आहे, कागद पुढ्यात आहे. हे पत्र ती यायच्या आत फाडून टाकीन. घरात ठेवायचंही धैर्य नाही. घरच्यांना वाटतंय, माझा निर्णय अजून व्हायचा आहे. तिलाही तसंच वाटेल. मी तिला चहा देईन, सगळं वाचून दाखवीन, पेन हातात घेऊन जरा थांबेनसुद्धा. सर, सही मी सकाळीच ऑफिसात करून दिली आहे. पुढ्यात आहे ती दुसरी प्रत, बिनसहीची, तिच्यासमोर करून दाखवायला आणली आहे.