मोझाचे कांगे

सोमवार, ४ ऑगस्ट

मोझाने मला टोमणा मारला. मला! सकाळी नवा कांगा नेसून माझ्या दारावरून गेली. पाठीमागे कापडाच्या काठावर छापलेली म्हण — ‘पोट भरलं की ताट विसरतात.’ शुक्रवारी तिच्याकडे पिलाव खाल्ला, परात अजून माझ्याकडे आहे. म्हणून हे! तोंडाने मागता येत नाही? तीस वर्षं समोरासमोर राहतो आम्ही!

जाब विचारायचीही सोय नाही. कुठलीही बाई म्हणणार, ‘अगं, रंग आवडला म्हणून घेतला.’ मी स्वतः किती वेळा म्हटलंय!

मंगळवार, ५ ऑगस्ट

परात घासून तिच्या उंबऱ्यावर ठेवली. मग थेट बाजार. माझा कांगा — ‘घास मोजणाऱ्याच्या दारी पाहुणा टिकत नाही.’ उगाचच गल्लीतून येरझाऱ्या घातल्या. ओट्यावर कॉफी पीत बसलेल्या बाप्यांनी वाचला, तिच्या नवऱ्यानेही, त्या अथमानीने. जीव थंड झाला.

गुरुवार, ७ ऑगस्ट

तिचा — ‘ज्या झाडाने सावली दिली, त्यावरच कुऱ्हाड.’

कुऱ्हाड? मी? परात तर दिली ना!

शनिवार, ९ ऑगस्ट

मोझाने या वयात हाताला मेंदी लावलीय. मग मीही सोडलं नाही — ‘नवी झूल घातली म्हणून म्हातारं गाढव घोडा होत नाही.’ अख्ख्या टांगा शहराच्या बाजारात याहून झोंबरा मिळाला नाही.

गंमत म्हणजे झोंबला अथमानीला! कॉफी सांडली अंगावर. “वहिनी, साऱ्या गल्लीला कळायलाच हवं होतं का?” म्हणाला आणि निघून गेला. बायकोचा एवढा पुळका!

खरं सांगू? आता मजा येत नाही. संध्याकाळी एकटीने चहा प्यायले. मोझाशिवाय घशाखाली उतरत नाही. ही मैत्रीण गेली तर या गल्लीत माझं आहे कोण?

सोमवार, ११ ऑगस्ट

नणंद रिझिकी मासळी घेऊन आली. म्हणे, “तू कुठल्या जगात असतेस गं? अथमानी मुहेझा गावातली दुसरी बायको करणार होता! नवा झगा शिवला, केस काळे केले. शनिवारी अचानक नाही म्हणून निरोप धाडला. गल्ली गाढव म्हणून हसते म्हणे!”

हातातला मासा खाली पडला. ताट, झाड, कुऱ्हाड — सगळं नवऱ्याला होतं! ती बिचारी आतून जळत होती, आणि मी तिच्या जखमेवर मीठ चोळत होते. लाज वाटते. उद्या जाते. दार उघडलं नाही तर बसून राहीन.

मंगळवार, १२ ऑगस्ट

गेले. “मोझा, माफ कर. मला वाटलं, तू मलाच —”

ती हसून हसून चटईवर आडवी झाली. “तुला वाटावं म्हणूनच तर नेसले, झुवेना! माझे कांगे त्याने वीस वर्षांत वाचलेले नाहीत. तुझे सगळी गल्ली वाचते.”