दोन मिनिटं बारा सेकंद

४ जानेवारी. पहाटे ५.२०
नवी वही. जुन्या वहीत भावना फार शिरल्या होत्या. या वहीत फक्त आकडे.

विषय: पळणारी पोरं. कोण अजून वाढणार आणि कोणाचं पळून झालंय. आठशे आणि पंधराशे मीटरच्या पोरांचं शिखर कधी येतं, आणि येऊन गेलं तरी पोरांना ते कळत कसं नाही, यावर माझ्याइतका विचार या शहरात कोणी केलेला नाही. केला असेल तर समोर यावं.

सूत्र तयार आहे. सहा गोष्टी: वय, वेळ, वर्षभरात वाढलेली उंची, बुटाचा नंबर, उठल्याबरोबरची नाडी, सरावाआधीच्या जांभया. जांभया हा माझा स्वतःचा शोध.

संकल्प: रोज सहाच्या आत मैदानावर. कोचबाईंशी वाद नाही. पोरगी ही आपली पोरगी आहे हे सूत्राला कळू द्यायचं नाही.

५ जानेवारी. सकाळी ७.४५
आत्ता उठलो. पोरगी पळून, आंघोळ करून कॉलेजला गेलीसुद्धा. थंडी फार आहे. उद्यापासून.

९ जानेवारी
दिवसभर मीटर. लोक ऑफिसात भांडायला येतात की घरचा विजेचा मीटर जोरात पळतोय. आम्ही तो तपासणीच्या बाकावर चढवतो, प्रमाण-मीटरशी ताडून बघतो, आणि शंभरातले अठ्ठ्याण्णव मीटर निर्दोष निघतात. दोष मीटरमध्ये नसतो, माणसात असतो. हे शंकासुराला ऐकवलं. (शंकासुर म्हणजे माझ्या बाकावरचा जोडीदार. नाव मी ठेवलंय, शोभतं.) त्याने लगेच विचारलं की उरलेल्या दोघांचं काय. याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१७ जानेवारी
मैदानावर पोचलो, साडेसहाला. बगळ्याचा निकाल लावला. बगळा म्हणजे कोचबाईंचा पंधराशेवाला, वय एकोणीस, नुसते पाय. दहा मिनिटांत चार जांभया, वर्षभर उंची जागच्या जागी. संपलेला विषय. कोचबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या की एकोणीस वर्षांच्या पोराचा आलेख त्या बघत नाहीत, हरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो येतो का ते बघतात. वाद घातला नाही. संकल्प क्रमांक दोन. पण इतका अडाणीपणा!

३ फेब्रुवारी
बगळ्याने स्वतःची वेळ चार सेकंदांनी मोडली. बूट नवे होते. 'नवे बूट' ही सातवी गोष्ट सूत्रात घातली. सूत्र आता पहिल्यापेक्षा भक्कम झालंय.

८ फेब्रुवारी
कोचबाईंनी पोरीला फॉर्म दिला. क्रीडा वसतिगृह. राहणं, सराव, शिक्षण, सगळं तिथेच. आठशे मीटरसाठी मुलीची जागा एकच, आणि ती त्यांनी आमच्या पोरीसाठी धरून ठेवलीय. अठरा पूर्ण नाहीत म्हणून पालकाची सही लागते. मुदत महिनाअखेर. नाही गेली तर लॅब टेक्निशियनचा कोर्स आहेच.

पोरीने फॉर्म माझ्या चष्म्याच्या घरावर टेकवून ठेवला आणि आत गेली. सौ. म्हणाली, पेन आणून देऊ का. मी म्हटलं, आधी सूत्र काय म्हणतं ते बघू. सौ.ने कपाळावर हात मारून घेतला.

१० फेब्रुवारी. सकाळी ६
आलेख काढला.
पंधराव्या वर्षी, शाळांच्या स्पर्धेत: दोन मिनिटं बारा सेकंद. माझं स्वतःचं घड्याळ, माझा स्वतःचा अंगठा.
सोळाव्या वर्षी: दोन-सोळा. मग दोन-पंधरा. आता, साडेसतराला, दोन-चौदा. ही सगळी मोठ्या मैदानावरच्या मशीनची वेळ.
म्हणजे शिखर पंधराव्या वर्षीच झालं. त्यानंतर पोरगी त्या आकड्याकडे फिरकलेलीसुद्धा नाही.

चार वेळा ताडून बघितलं. तिच्या बाजूने जांभया वगळल्या. बुटाचा नंबर अर्ध्याने वाढवला. ढिम्म फरक नाही.

मी हिशेबी माणूस आहे, पण दगड नाही. माझं पळण्याचं शिखरही सतराव्या वर्षीच होऊन गेलं होतं, आणि मला ते कळलं सत्ताविसाव्या वर्षी. दहा वर्षं रोज पहाटे उठून मी एका मेलेल्या पायाला मालिश करत होतो, आणि कोणी सांगितलं नाही. वडिलांनीसुद्धा नाही. ते नुसतं डबा भरून द्यायचे. पोरीच्या वाट्याला हे येऊ देणार नाही.

१४ फेब्रुवारी
स्पर्धा. पोरगी पहिली आली. मशीनवर दोन-तेरा-पॉइंट-चार. कोचबाई जागच्या जागी उड्या मारत होत्या, या वयात. पोरगी धापा टाकत थेट माझ्याकडे आली, कठड्याला धरून उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हटलं की छान, पण दोन-बारा नाही. खोटं कशाला बोला? ती मान हलवून बुटाची नाडी सोडायला खाली बसली. बराच वेळ सोडत होती.

१६ फेब्रुवारी. संध्याकाळी ७
सांगून टाकलं.

भाषण आधी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. आलेख दाखवला. समजावलं की यात तिचा दोष नाही, काही फुलं लवकर उमलतात वगैरे. सही करणार नाही, कारण तिच्या आयुष्याची दहा वर्षं वाचवतोय. तिने सगळं शांतपणे ऐकलं. एकच विचारलं, की तो पंधराव्या वर्षाचा आकडा पक्का आहे का. मी म्हटलं, सगळ्यांत पक्का तोच, कारण तो मी घेतलाय. ती बरं म्हणाली. मग दोरीवरचे कपडे काढून त्यांच्या घड्या घालत बसली. माझ्या शर्टाचीही घातली.

समजूतदार पोर. माझ्यावर गेलीय.

१७ फेब्रुवारी. सकाळी ८
पोरगी आज पळायला गेली नाही. विश्रांती हवीच. सौ. बोलत नाही, पण डबा दिला. मन हलकं आहे. निर्णय शंभर टक्के योग्य.

२१ फेब्रुवारी
पाचवा दिवस. बूट दाराशी तसेच. मी उचलून कपाटात ठेवले, मग परत दाराशी ठेवले. ऑफिसात दोनदा चुकीच्या मीटरला सील मारलं.

२३ फेब्रुवारी
शंकासुराला आलेख दाखवला. कोणाला तरी दाखवायला हवाच होता. त्याने इतर काही बघितलं नाही. पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं की याचं सर्टिफिकेट कुठंय. म्हणे, आपल्या बाकावरच्या प्रमाण-मीटरलाही दरवर्षी सर्टिफिकेट लागतं, तुमच्या अंगठ्याला कोणी दिलं? मी त्याला चार शब्द सुनावले. दोष माणसात असतो म्हणून तुम्हीच सांगता, म्हणाला. उद्या हाफ डे घेऊन त्या स्पर्धेच्या निकालाचा कागदच आणून तोंडावर फेकतो.

२४ फेब्रुवारी. दुपारी ३
क्रीडा संकुलाच्या ऑफिसात जाऊन आलो. तिथल्या क्लार्कबाईंनी तीन वर्षांपूर्वीची फाईल काढून दिली. मशीनचा कागद, आठही मुलींच्या वेळा. आमची पहिली.
दोन-सोळा-पॉइंट-नऊ.
मशीन बिघडलेलं असणार.

दुपारी ३.४०
दुसरी आलेली मुलगी दोन-सतरा. आमची दोन-बारात आली असती तर ती हिच्या मागे तीस मीटर असायला हवी होती. आमची तर छातीभर अंतराने जिंकली होती. माझ्या डोळ्यांसमोर आहे. तीन वर्षं सगळ्यांना हेच तर रंगवून सांगतोय, छातीभर अंतराने, छातीभर अंतराने.

दुपारी ४.१५. संकुलाच्या पायरीवर
आठवलं. बंदूक वाजली तेव्हा मी सौ.चा दंड धरून ती बघ, ती बघ आपली, असं ओरडत होतो. घड्याळ मग चालू केलं. आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात ती पुढे निघाली तेव्हा मला काही दिसतच नव्हतं. डोळे भरून आले होते. अंगठा कधी दाबला गेला देव जाणे.

२५ फेब्रुवारी. सकाळी ६
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. नवा आलेख. दोन-सतराला काही कमी, मग सोळा, पंधरा, चौदा, तेरा. पोरगी तीन वर्षं न चुकता वाढतेय! सूत्र म्हणतं शिखर यायला अजून किमान पाच वर्षं. पाच! मुदतीला तीन दिवस आहेत. फॉर्मवर सही केली. वाकडी आली म्हणून तिच्याच खाली आणखी एक केली.

संकल्प: दोन वाक्यांत माफी मागायची. भाषण नाही.

२५ फेब्रुवारी. संध्याकाळी ६
सांगितलं. दोन वाक्यांत जमलं नाही.

तिला माहीत होतं.

पहिल्या दिवसापासून. निकालाचा कागद मैदानावर पाण्याच्या नळाशेजारच्या बोर्डावर लावला होता, तिने तिथेच वाचला. पण तोवर मी तिच्या मामाला, आत्याला, सगळ्या ऑफिसला फोन करून दोन-बारा सांगून टाकलं होतं. म्हणाली, बाबा, तुम्ही इतके खूश होता, मला सांगवेना. तिला वाटलं, वर्षभरात खरोखरच दोन-बारा पळू, मग ते खोटं राहणार नाही. वर्षाची तीन झाली. परवा तेरावर आली तेव्हा वाटलं, आता थोडंच राहिलं. म्हणून धावत मला सांगायला आली होती.

मी फॉर्म पुढे केला. तिने दोन्ही सह्या बघितल्या, किंचित हसली. नको म्हणाली. रागावली नाहीये, हे तीनदा सांगितलं. कोर्सची फी भरलीय. म्हणाली की पळायला उभं राहिलं की आता पायात काही येतच नाही, नुसते आकडे येतात.

रागावली असती तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी
कोचबाईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले. त्या स्वतः काल घरी येऊन गेल्या होत्या, मी ऑफिसात असताना. पोरीने त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. दोन-बारा हा आकडा कुठून आला, ते त्यांना आजवर माहीतच नव्हतं. मला विचारायचं ना, म्हणाल्या. मी विचारलं की तिच्यात अजून किती आहे, तुम्हाला काय वाटतं. त्या बगळ्याच्या फेऱ्या मोजत होत्या. पुष्कळ होतं, म्हणाल्या.

१ मार्च
सूत्र बंद. मैदानावर जाणं बंद. जागा दुसऱ्या मुलीला दिली. ती कशी आहे, बघितली नाही.

६ मार्च. सकाळी ८.५०
पोरीच्या कोर्सचा पहिला दिवस. मी गॅलरीत उभा होतो. ती गेटमधून बाहेर पडली आणि समोरच्या स्टॉपवर बस येऊन थांबली. शंभर मीटरसुद्धा नाही. माणसं अजून चढत होती. तिच्यासाठी सोळा सेकंदांचं काम. मी मनात म्हटलं, धावेल. खात्रीने धावेल. कठडा घट्ट धरला.

दार बंद झालं, बस सुटली. ती चालतच स्टॉपवर पोचली, बाकावर बसली, बॅग मांडीवर घेतली. पुढच्या बसला अजून वीस मिनिटं होती.