छेदातील शून्य

जुन्नर, ५ ऑगस्ट २००३

मढ येथील माझे व्याही श्री. रखमाजी यांस कुंडलिकचा नमस्कार. आपला दमा आणि विहीणबाईंचा डोळा आता बरा असावा. माझे गुडघे एसटीची पायरी चढण्यास नकार देतात, म्हणून हे पत्र.

आपले बंधू सोपानराव यांनी आपल्या दोघांच्या नातीच्या, हर्षालीच्या, दहावीतील अपयशाची हकीकत मला कळवली : "पोरगी तुमच्याकडं राहून लई टीव्ही बघत व्हती, पेपर अर्धा टाकून उठली." त्या पत्रात शुद्धलेखनाच्या चौदा चुका आहेत (तांबड्या शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवत आहे), त्या क्षम्य आहेत. मजकूर क्षम्य नाही. दूरचित्रवाणी संचाची तार मी जानेवारीतच कपाटात बंद केली होती. पेपर तिने शेवटच्या घंटेपर्यंत लिहिला. गणितात तीन गुण कमी पडले. तेवढ्यावरून आपण तिला मढला नेऊन तिच्या लग्नाची सुपारी फोडलीत.

मुले प्रश्नपत्रिकेवर उत्तरे टिपून आणतात, तशी तिनेही आणली होती. तीन गुणांचे एक उदाहरण असे : क्ष भागिले (क्ष − ३) बरोबर, ३ भागिले (क्ष − ३) अधिक २. तिचे उत्तर, क्ष = ३. ते अचूक असूनही गुण गेले, असे ठरवून मी तक्रारीसाठी झेरॉक्स काढण्यास शांतीलालशेठच्या वह्यांच्या दुकानात गेलो. यंत्र गरम होईपर्यंत त्यांच्या नातीने, रिद्धीने (इयत्ता नववी, वेणीला दोन रंगांच्या फिती), कागद वाचला आणि विचारले, "गुरुजी, क्षला तीन धरलं तर खाली शून्य येतंय. शून्यानं भागायचं कसं?" छेद आधीच काढून टाकल्याने तो प्रश्न उरत नाही, असे मी शांतपणे समजावले.

"काढला म्हणून गेला व्हय? ह्याला उत्तरच नाय," रिद्धी म्हणाली.

शेठजींनी मला स्टूल दिले. यंत्र गरम होण्यापूर्वीच मी गरज नसलेली कंपासपेटी विकत घेऊन बाहेर पडलो.

तेव्हा दोष टीव्हीचा नाही, एवढे मान्य व्हावे. लोभ शिल्लक असल्यास राहू द्यावा.

ता. क. काल हर्षालीची इथे राहिलेली वही उघडली. तसेच उदाहरण तिने फेब्रुवारीत सोडवून शेवटी लिहिले होते : छेद शून्य होतो, म्हणून उत्तर नाही. त्यावर तांबडी रेघ आहे आणि खाली शेरा : "उत्तर नसलेले गणित परीक्षेत कोणी विचारत नाही. क्ष = ३. ताळ्यात वेळ दवडू नये." अक्षर माझे आहे. तिने माझे ऐकले, आणि नापास झाल्यावरही माझे नाव घेतले नाही. एकतीस वर्षे मी असेच शिकवत आलो.

दुसरी ता. क. ऑक्टोबरच्या परीक्षेच्या अर्जावर तिची सही हवी. तिला पाठवा. ती रिद्धीच्या शिकवणीला जाईल. मी फक्त डबा देईन.

सोपानरावांच्या पत्रातील तारखा दुरुस्त करून :

टीव्ही बंद : एप्रिल नव्हे, २६ जानेवारी.
हर्षालीचा जन्म : १९८५ नव्हे, ९ जून १९८७ (दाखल्यासाठी मीच लिहून दिला होता).
वय अठरा पूर्ण : ९ जून २००५, झालेले नाही.
अर्जाची मुदत : "अजून लई येळ" नव्हे, १४ ऑगस्ट.
लग्न : २७ नोव्हेंबर २००३. या तारखेवर तांबडी रेघ मारायला हात उचलला होता. माझ्या रेघेचा भरवसा उरलेला नाही. ती आपण मारावी.