चावी मात्र सदाभाऊंकडे

दिघी, मंगळवार, संध्याकाळ

वाकडच्या परदेशी मॉलमधली शिस्त पाहून निश्चय केला, सदाभाऊंच्या गबाळ्या किराणा दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही. महिन्याचे सामान घेऊन दाराशी आले आणि आठवले, कामवाल्या मावशींसाठी चावी सदाभाऊंकडेच ठेवली आहे. मॉलच्या त्या भडक पिवळ्या पिशव्या लपवणार तरी कुठे?

दुकानात चावी मागायला गेले, तर पिशव्या न्याहाळत सदाभाऊ म्हणाले, "मॅडम, येवढी मोठी कंपनी, चावी ठिवून घेत न्हाई व्हय?"

"विचारले नाही." हे काय उत्तर झाले?

"विचारून ठिवा. आमचं दुकान किती दिस टिकतंय, कुनाला ठावं!"

मी मुकाट्याने साबुदाणा घेतला. मी उपवास करत नाही. त्यांनी तो हसत पिवळ्या पिशवीतच ठेवला.

उद्याही बाहेर जायचे आहे. चावी त्यांच्याकडेच. निश्चय परवापासून.