गाऱ्हाणं कोणी घालायचं

बाबा, तुमची नात बोलताना अडखळते. पाच वर्षांची आहे, 'मला' म्हणायचं तर 'म'वरच अडते. म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कोण असं बोलतं? मी, म्हटलं. तुमच्याआधी? कोणी नाही. त्या म्हणाल्या, विचारून बघा, हे बरेचदा रक्तातूनच येतं, भीतीने किंवा आईच्या चुकीने नाही. मग कोरगावला आत्याकडे गेलो. काजूच्या बिया वाळत घालता घालता ती सहज म्हणाली, "तुझो बापूस ल्हान आसताना तसोच उलयतालो. आमचो बापूसय. मागीर अडता तो शब्द सोडून दुसरो घेवंक शिकलो."

म्हणजे आजोबा अडखळायचे, तुम्हीही, आणि तुम्हाला ठाऊक होतं! दर चवथीला घरच्या कर्त्याने नारळ धरून गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांसाठी मोठ्याने मागणं मागायचं, आणि तुम्ही घसा बसलाय म्हणत नारळ काकांच्या हाती द्यायचात. बारा वर्षांचा असताना मी नारळासाठी हात पुढे केला, तर सगळ्यांसमोर खेकसलात, "ओगी रव! लोक हांसतले." मला वाटलं, माझी लाज राखताय. तेही मी गिळलं असतं. पण एरवी वर्षभर स्वयंपाकघरात काकी येईल-जाईल त्याला आईने मला विहिरीपाशी सोडल्याचं सांगायची, "हिणें भुरग्याक बांयकडेन एकट्याक सोडलो, तो भियेलो, जीब आडकली." आई चुलीपाशी मान खाली घालून मासे परतते आहे आणि तुम्ही हुमण-भात कालवताय. एक वाक्य पुरलं असतं, बाबा. अडखळत का होईना.

माझ्या मुलीला कोणी गप्प राहा म्हणणार नाही. या चवथीला नारळ मी घेतला. पहिल्याच 'म्हाराजा'वर अडकलो, काकांनी सवयीने हात पुढे केला, मी दिला नाही. शेजारीपाजारी उभे राहिले, वाट बघत. हसला असेल एखादा, हसू दे. माझं सगळं बोलून झाल्यावरच त्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर तुमच्या नातीने आपल्या वेळाने, मोठ्याने म्हटलं.

आरती झाल्यावर आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "माज्या चुकीन तुका इतके कश्ट पडले." डॉक्टरीणबाईंचं बोलणं ओठांवर होतं. पण ते सांगायचं तर तुम्ही जाणून गप्प बसलात हेही सांगावं लागेल, आणि ती रोज सकाळी तुमच्या फोटोला अबोलीचा वळेसर घालते. या वेळी जीभ अडकली नव्हती, बाबा. मीच बोललो नाही.