आमच्या गावात घाण मिळत नाही

ती. सौ. कामिनीअक्का,

तुझा धाकटा भाऊ निंबा याचा असोद्यापलीकडच्या आपल्या गावाहून नमस्कार पोचावा. दाजींना नमस्कार, तुझ्या सासूबाई मंजुळाबाईंना पायावर डोकं ठेवून नमस्कार (गुडघ्याला एरंडाचं पान बांधायला सांगितलं होतं, त्यांनी बांधलं नसणार, हे मी लिहिता लिहिताच जाणतो), आणि भाचा चंदन याला आशीर्वाद. धुळ्याला ऊन कसं आहे? नळ किती दिवसांनी येतो? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. केळी उभी आहे, गाय व्याली, तुझी भावजय बेबाबाई माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर मी चार शब्द बोललो की तू हसायला लागतेस, आणि ही गोष्ट न हसता शेवटपर्यंत ऐकण्यासारखी आहे.

अक्का, आपल्या गावात सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प उभा राहिला आणि त्या समितीचा अध्यक्ष तुझा भाऊ आहे! (ज्या दिवशी अध्यक्ष निवडला त्या दिवशी बाकीचे चौघे लग्नाला गेले होते, ही गोष्ट गावात मुद्दाम पसरवली जाते. लग्न होतं हे खरं आहे.) तिन्ही गल्ल्यांच्या गटारी आता बसथांब्यामागे एका हौदात येतात. तिथं गाळ खाली बसतो. पुढं खडीचा लांबच लांब वाफा, त्यात कर्दळ लावलेली. खडीवर जिवाणू राहतात, डोळ्यांना न दिसणारे. ते घाण खातात, आणि दुसऱ्या टोकाला पाणी असं नितळ निघतं की पहिल्या दिवशी ते पाहून मला रडू आलं. बेबाबाई सांगते की माझ्या डोळ्यांत खडीची धूळ गेली होती. तू तिचं ऐकू नकोस. मी त्या रात्री जेवलो नाही इतका आनंद झाला होता.

हे पाणी पिण्यासाठी नाही, केळीसाठी आहे. पण खरी गंमत पुढंच आहे. गावविहिरीच्या भोवती पाच जणांच्या बागा आणि पाच बोअर, त्यातली एक माझी. दरवर्षी चैत्र सरता सरता या पाच मोटारी जमिनीखालचं पाणी ओढून घेतात, विहीर तळाला जाते, आणि वैशाखात गाव हंडे घेऊन टँकरच्या वाटेकडे बघत बसतं. म्हणून ठरलं असं, की पाचही जणांनी केळीला वाफ्याचं पाणी घ्यायचं आणि बोअर बंद ठेवायची, म्हणजे विहिरीतलं गावाला प्यायला राहील. जीवराम आबांनी (बाग सगळ्यात मोठी त्यांचीच, आवाजही) एक अट घातली. पाणी चांगलं आहे असा धुळ्याच्या प्रयोगशाळेचा कागद अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे आपल्या आखाजीपर्यंत आणायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोटारी चालू. जळगावचा कागद त्यांना चालत नाही, कारण तिथं माझी ओळख आहे असा त्यांना संशय आहे. आता आखाजीला अठरा दिवस राहिले.

इथवर सगळं सरळ होतं. पण मला एक कल्पना सुचली, आणि मला कल्पना सुचली की घरात काय होतं हे तू लहानपणापासून पाहिलेलं आहेस. गावाचा सहभाग वाढावा म्हणून मी तिन्ही गटारींच्या तोंडाशी पाट्या लावल्या: वरची गल्ली, मधली गल्ली, मारुती गल्ली. वर झाकण जाळीचं ठेवलं, म्हणजे कोणालाही वाकून पाहता यावं. जळगावच्या बसची वाट पाहणाऱ्या माणसांना दुसरा उद्योग काय? लोक पाणी बघायला लागले, आठवड्याभरात वाचायलाही लागले. मधल्या गल्लीच्या पाण्यावर लाल तवंग दिसला की म्हणायचे, शेवभाजी झाली आणि आपल्याला बोलावणं नाही. फेस जास्त दिसला की कोणी साबणाची स्वस्तातली पावडर आणली ते शोधायचे. एका सुनेनं करपलेली डाळ मोरीत ओतली, तर तिच्या सासूला ती बातमी घरात कळायच्या आधी बसथांब्यावर कळली.

मग बायांना लाज वाटायला लागली. आपल्या गल्लीचं पाणी चारचौघांत घाण दिसावं हे कोणाला खपेल? आधी त्यांनी भांड्यांचं पाणी गाळून सोडायला सुरुवात केली. मग खरकटं गाईला, राखेचं पाणी उकिरड्यावर, आणि धुणं सरळ नाल्यावर नेलं. मी या सगळ्याला जागृती समजत होतो आणि ग्रामसभेत त्यांचं जाहीर अभिनंदनही केलं. (त्याचं टाळ्या वाजवून स्वागत झालं. अक्का, ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण होतं.)

नंतर तपासणीसाठी पाण्याच्या बाटल्या भरायचा दिवस आला. एक बाटली आत येणाऱ्या पाण्याची, एक बाहेर जाणाऱ्या पाण्याची. बाटल्या भरायला जामनेरच्या सारिका मॅडम येणार होत्या, त्यांनीच हा प्रकल्प आखून दिला आहे. बाहेरचं माणूस गटार बघायला येणार म्हटल्यावर पाहुणे यायच्या आधी अंगण झाडावं तशी तिन्ही गल्ल्यांनी तयारी केली. पहाटे उठून बायांनी मोऱ्या घासल्या आणि विहिरीचं प्यायचं पाणी हंड्या-हंड्यानं गटारीत ओतलं. वरच्या गल्लीनं वीस हंडे ओतले हे कळताच मारुती गल्लीनं तीस ओतले. मारुती गल्लीची पुढारी कोण होती हे मी लिहीत नाही, पण ती या क्षणी शेजारच्या खोलीत भाकरी थापते आहे आणि तिनं त्या दिवशी मोरीत तुरटीसुद्धा फिरवली होती.

कागद आला. आत येणारं पाणी उत्तम. बाहेर जाणारं पाणी बरं नाही. मी तो तीनदा वाचला, उलटा धरूनही पाहिला. जीवराम आबांनी एकदाच वाचला आणि भर चावडीत मला शांतपणे म्हणाले, "निंबा, म्हंजे चांगलं पानी तू तिकून घालतो अन् इकून खराब करून काढतो. यालेच प्रकल्प म्हनता का?" सगळे हसले. मला घर गाठेपर्यंत वाट सरेना.

दुसऱ्या दिवशी सारिका मॅडम पुन्हा आल्या. हौदाशी वाकल्या, वास घेतला, आणि तिथंच काठावर बसून हसत सुटल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, की तीन आठवडे पोटाला काही न मिळाल्यामुळं जिवाणू मेले, कर्दळीची मुळं कुजली, आणि ते कुजलेलं बाहेरच्या पाण्यात उतरलं. प्रकल्पात काही खोट नाही, त्याला फक्त घाण हवी. बारा-पंधरा दिवस नेमानं मिळाली तर सगळं पूर्ववत होईल. त्या आखाजीच्या दोन दिवस आधी पुन्हा बाटल्या भरतील. आबांनीही तेवढी एक संधी कबूल केली आहे, पण शेवटची.

तेव्हापासून तुझा भाऊ दारोदार घाण मागत फिरतो आहे. (हसू नकोस म्हटलं होतं.) पाट्या मी काढून टाकल्या, पण कुठली गटार कोणाची हे आता सगळ्या गावाला पाठ झालं आहे. वरच्या गल्लीत गेलो तर बाया म्हणतात, आमच्याकडं कुठली घाण, मधल्या गल्लीला मागा, तिथं भरपूर असते. मधल्या गल्लीतल्या बाया मला मारुती गल्लीत पाठवतात. मारुती गल्लीत माझं स्वतःचं घर. तिथं बेबाबाईनं उंबऱ्यातच सांगितलं, "माह्या घरचं पानी पहिलं घान जानार नही. आधी दुसऱ्याचं जाऊ द्या." तिन्ही गल्ल्यांचं म्हणणं अक्षरशः हेच आहे. कोणी एकानं सुरुवात केली तर बाकीच्या मागोमाग सोडतील, पण पहिलं कोणी व्हायचं? विहिरीचं पाणी रोज थोडं थोडं उतरतं आहे आणि आबा मोटारीला तेल घालताना मला दोनदा दिसले.

असो. मी मुळीच खचलेलो नाही. उलट इतका उत्साह मला माझ्या लग्नातही नव्हता. आखाजी जवळ आली, बहिणीची आठवण येणारच. म्हणून तुला हे आग्रहाचं बोलावणं. या खेपेला एक-दोन दिवसांसाठी नको, चांगली पंधरा दिवस आधीच ये, दाजी, चंदन, मंजुळाबाई सगळ्यांना घेऊन. आंब्याचा रस होईल, खापरावरचे मांडे होतील, अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधतो. घरात कामाला हात लावायचा नाही, तू माहेरवाशीण आहेस.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
निंबा

ता. क. येताना घरातलं धुणं न धुता घेऊन ये. सगळं. गोधड्या, चादरी, पडदे, चंदनचे कबड्डीचे कपडे विशेषकरून. शेजाऱ्यांचंही मिळालं तर पाहा. दाजींचे गॅरेजमधले कपडे मात्र राहू दे, ऑइल जिवाणूंना सोसत नाही.

ता. क. २. बेबाबाईची परवानगी काढली आहे. तिचं म्हणणं असं, की नणंदेचं धुणं असेल तर तिच्या मोरीतून खुशाल जाऊ दे, त्यात तिची काही बदनामी नाही. बस आली की ती स्वतः थांब्यावर येऊन मोठ्यानं सांगणार आहे की हे सगळं धुळ्याचं आहे. तेवढं तू मनावर घेऊ नकोस.

ता. क. ३. हे लिहू की नको असं करता करता पाकीट चिकटवायचं राहिलं. गेल्या आखाजीला मी तुला फोन केला, की घराला रंग चालला आहे, या वर्षी येऊ नकोस. अक्का, रंग नव्हता. टँकर तीन दिवस आला नव्हता आणि घरात दोन हंडे पाणी होतं. बहिणीच्या पायावर घालायला तांब्याभर पाणी नाही, हे मला तोंडानं सांगवलं नाही. आई गेल्यापासून तू पहिल्यांदा आखाजीला माहेरी आली नाहीस, आणि वर मलाच विचारलंस की रंग कोणता दिला. मी आकाशी म्हणालो. गावच्या बायांच्या लाजेला मी इतकी पानं हसलो, पण त्यांनी निदान खोटं तरी सांगितलं नाही. आज सकाळी विहिरीत दोर सोडून पाहिला, सात हात पाणी आहे. धुणं नसलं तरी ये.